होळीचा तिसरा दिवस

आमच्या कॉलेजात काय होणार आहे हे सगळ्यांत आधी हिलालआप्पांना कळायचं, मग फळ्याला, आणि शेवटी आम्हा बाकीच्यांना. हे मी कौतुकानं लिहीत नाही. आमच्याकडे कारभारच तसा आहे. प्राचार्य एका कागदावर दोन ओळी खरडतात, तो कागद आप्पांच्या हातात देतात आणि विसरून जातात. स्वतः ठरवलेल्या कार्यक्रमाला उशिरा येऊन "हे आज होतं का?" असं विचारणारे प्राचार्य मी याच कॉलेजात पाहिले.

मी इथली ग्रंथपाल, चारुलता. शहाद्यातच राहते. लोणखेड्याच्या थोडं पुढे, केळीच्या बागांना लागून आमचं कॉलेज आहे. सगळे मिळून साडेचारशे विद्यार्थी. ग्रंथालयात फारसं कोणी फिरकत नाही, म्हणून खिडकीतून बघत बसणं हे माझं निम्मं काम. आणि खिडकीतून दिसायचं काय, तर गेटच्या आतला तो फळा आणि त्याच्यापुढे उभे असलेले हिलालआप्पा.

हुद्द्यानं ते शिपाई. आठवीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की मराठीच्या सरांनी लाजावं. फळ्याच्या वरच्या बाजूला ऑइलपेंटनं 'आगामी कार्यक्रम' असं लिहिलेलं आहे, तेही त्यांचंच. खडू रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायचे आणि सकाळी त्या ओल्या खडूनं लिहायचे. ओल्या खडूचं अक्षर वाऱ्यानं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यानं पुसलं जात नाही. रक्तगट तपासणी शिबिर, बस पासचे अर्ज, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, स्नेहसंमेलन. वीस वर्षं त्या फळ्यावर याहून वेगळं काही आलं असेल असं मला वाटत नाही.

पण आप्पांचं खरं खातं फळ्याचं नव्हतं, कपाटाचं होतं. कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक गंजकं लोखंडी कपाट आहे. त्यात सातपुड्यातल्या मुलामुलींचे मूळ कागद असायचे: दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. डोंगरातलं घर कुडाचं, चूल आत, पावसाळ्यात छत गळतं. शिवाय आईबाप दिवाळीच्या आधी ऊसतोडीला गुजरातेत जातात, घराला कडी घालून. मग कागद ठेवायचे कुठे? ज्याचे त्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वर नावाची चिठ्ठी, आणि पिशवी आप्पांच्या कपाटात. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. एका मुलानं ठेवले, त्याचं बघून दुसऱ्यानं ठेवले, आणि ते चालत राहिलं.

निरोपांचंही तसंच. आमच्या हेमकांत सरांनी विद्यार्थ्यांचा मोबाइलवर ग्रुप केला तेव्हा ते फार खूश होते. सूचना टाकली की काम झालं. पण मोलगीच्या पुढे दोन डोंगर ओलांडले की मोबाइल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. आप्पा चिठ्ठी लिहायचे आणि शहाद्याच्या स्टँडबाहेर उभ्या असलेल्या जीपवाल्याला, ईश्वरला, द्यायचे. ईश्वर ती मोलगीच्या बाजारात त्या गावच्या माणसाला द्यायचा. माणूस चिठ्ठी खिशात घालून गावी चालत जायचा. दोन दिवसांत निरोप पोचायचा. हेमकांत सर याला 'आप्पांचं पोस्ट' म्हणून हसायचे. त्यांच्या हसण्याचा मला राग यायचा, पण मीही कधी काही बोलले नाही.

संध्या इंद्रसिंग वसावे ही मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला होती, सायन्सला. बारीक चणीची, कमी बोलणारी. त्याच्या आदल्या वर्षी कॉलेजात सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा ही मुलगी दिवसभर त्या तपासनिसांच्या टेबलाशी उभी होती. नळ्यांवर नावं चिकटवणं तिनंच केलं. दुपारी ती ग्रंथालयात आली आणि रक्तावरचं पुस्तक मागितलं. तिची मोठी बहीण याच आजारानं गेली होती. रक्त तपासायला नेलं होतं, पण अहवाल आला तो बहिणीच्या दहाव्यानंतर. हे तिनं मला फॉर्म भरता भरता सांगितलं, मान वर न करता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी एक पत्र आलं. नाशिककडची एक संस्था शेवटच्या वर्षाच्या मुलींतून सहा जणी निवडणार होती. वर्षभर प्रयोगशाळेचं काम शिकवणार, राहायची-जेवायची सोय करणार आणि मग डोंगरातल्याच दवाखान्यांत रक्त तपासायच्या कामावर ठेवणार. निवड आमच्याच कॉलेजात, एकाच दिवशी, मूळ कागद घेऊन समोर हजर असलेल्या मुलींतूनच. दिवस होता पंधरा मार्च, शनिवार.

आप्पा पत्र वाचून थेट माझ्याकडे आले. म्हणाले, हे तर संध्यासाठीच आलंय. खरंच होतं ते. तिच्या घरची गोष्ट आम्हा दोघांना ठाऊक होती. आई रूपलीबाईचा हात ऊसतोडीत दुखावला होता, कोयता धरवत नव्हता. तोड जोडीनं चालते, एकटा माणूस मुकादमाला नको असतो. इंद्रसिंगनं मुलीला सांगून ठेवलं होतं: होळीपर्यंत हातात काही काम आलं तर राहा शहाद्याला, परीक्षा दे. नाही आलं तर होळीला घरी आलेल्या टोळीचा ट्रक होळी झाल्यावर पुन्हा फडावर निघेल, त्यात आईच्या जागी तू. तो वाईट माणूस नव्हता. मुलीला तिसऱ्या वर्षापर्यंत त्यानंच शिकवलं होतं.

आणि संध्या नेमकी घरी गेलेली. होळीच्या दहा-बारा दिवस आधीच डोंगरातली मुलं गावी जातात आणि नंतरही आठवडाभर येत नाहीत. हजेरीपटावर नुसत्या फुल्या. आप्पा दरवर्षी हसून आपल्या अहिराणीत म्हणायचे, "एक होळीले यास्ले पंधरा दिन लागतस." आम्ही सगळेच हसायचो. सण त्यांना फार प्यारा, नाचगाणं फार, असं आम्ही धरून चाललो होतो. का लागतात पंधरा दिवस, हे एकालाही विचारलं नव्हतं.

हेमकांत सरांनी ग्रुपवर सूचना टाकली. संध्याच्या नावापुढे एकच खूण राहिली, दुसरी काही उमटेना. आप्पांनी माझ्या टेबलावर बसून चिठ्ठी लिहिली. कागद मीच दिला, पुस्तकांच्या परतीच्या तारखा लिहायची ती कोरी चिठ्ठी. त्यांनी लिहिलं:

"संध्या, दवाखान्याच्या कामाची निवड कॉलेजात आहे. तुमची होळी झाली की तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ये. कागद माझ्याकडे आहेत. चुकू नको. हिलालआप्पा."

मी वाचली. तारीख का नाही घातली, असं विचारलंही. आप्पांनी समजावून सांगितलं की चिठ्ठी बऱ्याचदा वाटेत हरवते, घामानं भिजते, मग माणूस तोंडी निरोप सांगतो. तोंडी सांगताना पंधराचे पाच होतात. होळी मात्र कोणी विसरत नाही. होळीपासून मोजलं की बिनचूक. होळी गुरुवारी होती, शनिवार हा तिच्यापासून तिसराच दिवस. मला ते पटलं. 'तुमची होळी' असं का, तर आप्पा म्हणाले की खरा सण त्यांचाच, आपण नुसत्या गोवऱ्या पेटवतो. मला तर ते फार छान वाटलं. मी त्यांना तसं म्हटलंही. आज त्या म्हणण्याची मला लाज वाटते.

ईश्वरनं बाजाराच्या दिवशी चिठ्ठी पोचवली. गावच्या माणसाच्या हातात दिली, त्यानं खिशात नाही तर पागोट्यात खोचली, इतकं सगळं त्यानं येऊन सांगितलं. आप्पांनी फळ्यावर शनिवारची सूचना मोठ्या अक्षरांत लिहिली आणि संध्याची पिशवी कपाटातून काढून वर ठेवली.

शनिवारी सकाळी आठपासून आप्पा गेटवर होते. संस्थेच्या बाई दहाला आल्या. शहाद्याच्या, प्रकाशाच्या, तळोद्याच्या मुली आल्या. एकेक आत जाऊन बाहेर येत होती. धडगावकडून येणारी प्रत्येक जीप थांबली की आप्पा रस्त्यापर्यंत जायचे, "पोर उनी का?" असं विचारायचे. दुपारचं जेवण त्यांनी घेतलं नाही. चार वाजता बाईंनी पाच नावं पक्की केली. आप्पा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. पोर डोंगरातून चालत येतेय, थोडं थांबा. बाई चांगल्या होत्या, साडेपाचपर्यंत थांबल्या. आप्पांनी संध्याची गुणपत्रकं त्यांच्यापुढे मांडली. बाईंनी ती नीट पाहिली, हिला तर आम्ही घेतलंच असतं असं म्हणाल्या, पण समोर नसलेल्या मुलीचं नाव लिहिता येत नाही म्हणाल्या. सहावं नाव शहाद्याच्याच एका मुलीचं लागलं.

संध्याकाळी आप्पा पिशवी कपाटात ठेवताना मला दिसले. चिडले होते. यांच्यासाठी कितीही करा, म्हणाले, ढोल वाजला की यांना कशाचं भान राहत नाही. मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं.

बुधवारी सकाळी ते फळ्यावर तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभाची सूचना लिहीत होते. मी ग्रंथालय उघडत होते. गेटमधून संध्या आली. धुतलेला पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट बांधलेले केस, आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. तिच्यामागे रूपलीबाई, गळ्यात चांदी, दुखरा हात पदराखाली. दोघी पहाटे निघून मोलगीपर्यंत चालत आल्या होत्या आणि पहिली जीप धरून पावणेदहाला पोचल्या होत्या. संध्यानं आप्पांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाजक्या चण्याच्या दाळ्या आणि गूळ दिला. होळीचा प्रसाद. मग विचारलं, निवड कुठल्या खोलीत आहे.

आप्पांचा राग तेव्हा उफाळला. चार दिवस उशीर, आणि वर प्रसाद. तू नाचत बसलीस आणि जागा गेली, असं ते सगळ्यांसमोर बोलले. पोरंपोरी थांबून बघायला लागली. संध्यानं पर्समधून चिठ्ठी काढली आणि उलगडून त्यांच्यापुढे धरली.

"आप्पा, आमच्या गावाची होळी सोमवारी झाली. आज तिसरा दिवस."

आप्पा चिठ्ठीकडे बघत राहिले. स्वतःचंच अक्षर ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

डोंगरात प्रत्येक गावाची होळी वेगळ्या दिवशी असते. गावची वडीलधारी माणसं बसून दिवस ठरवतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांच्या होळीला जाता येतं. म्हणून पंधरा दिवस लागतात. आमच्या ग्रंथालयात जिल्ह्याच्या माहितीचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात हे सगळं दिलेलं आहे. मी नंतर काढून पाहिलं. पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीची एकही तारीख नव्हती. म्हणजे एवढ्या वर्षांत ते कोणीच नेलं नव्हतं, मीही नाही.

संध्याला कॅलेंडरातली होळी ठाऊक नव्हती असं नाही. तीन वर्षं शहाद्यात काढलेली मुलगी ती. आप्पांनी अगदी हळू विचारलं, तुला शंका नाही आली का. ती म्हणाली, "तुम्ही 'तुमची होळी' लिहिलं होतं ना. मला वाटलं, या वेळी कॉलेजनं आमची होळी धरून तारीख काढली. मी गावात सगळ्यांना सांगितलं तसं."

रूपलीबाईला मराठी फारसं कळत नाही. ती मुलीच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला बहुतेक सगळं कळलं होतं. ती खाली फळ्याच्या ओट्यावर बसली.

त्यानंतर आप्पांनी जे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये न विचारता घुसले. संस्थेच्या बाईंना फोन लावायला लावला. चूक माझी आहे, पोरीची नाही, असं फोनवर तीनदा म्हणाले. बाईंना वाईट वाटलं, पण सहाही नावं पुढे गेली होती. कोणी गळालं तर कळवू, म्हणाल्या. कोणी गळालं नाही. प्राचार्यांनी आप्पांना समज दिली की यापुढे सूचना फक्त ग्रुपवरूनच जातील, चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद. ग्रुपवरची सूचनाही पोचली नव्हती, हे मी तिथे सांगितलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

निघताना आप्पांनी संध्याला तिची पिशवी द्यायला काढली. तिनं घेतली नाही. उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत कागद राहायचे नाहीत, परीक्षेला येईन तेव्हा बघू, म्हणाली. आप्पांनी तिच्या आईच्या पायाला हात लावला. रूपलीबाई घाबरून मागे सरकली. वयानं ती त्यांच्याहून लहान असेल.

टोळीचा ट्रक शुक्रवारी गेला. ईश्वरनं सांगितलं, संध्या मागे बसली होती, पातेली आणि गोधड्यांमध्ये. एप्रिलच्या शेवटी परीक्षा सुरू झाली. आप्पा प्रत्येक पेपरला तिचं हॉल तिकीट हातात घेऊन घंटेपर्यंत गेटवर उभे राहिले. शेवटच्या पेपरनंतर ते तिकीटही त्यांनी पिशवीत घातलं.

दिवाळीच्या सुमारास ईश्वरच्या जीपनं तोंडी निरोप आला, गावातल्या कोणाकडून तरी आलेला: आप्पांना सांगा, कागद असू द्या, होळी झाली की तिसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईन. आप्पा मला हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होते. तिनं मुद्दाम तसे शब्द वापरले, की सहज, हे आम्हाला कळलं नाही.

यंदा जानेवारीत आप्पांनी नवं काम काढलं. डोंगरातल्या प्रत्येक मुलाला धरून विचारायचे, तुमच्या गावाची होळी कधी. मुलं आधी हसायची, मग गावाकडून विचारून यायची. सतरा गावं झाली. एका सकाळी फळ्यावर 'आगामी कार्यक्रम' या शब्दांखाली सतरा ओळी होत्या, गाव आणि तारीख. त्या दिवशी मुलं फळ्यापुढे गर्दी करून उभी होती. डोंगरातली मुलं त्या फळ्यापुढे इतका वेळ थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. आप्पांचं म्हणणं एवढंच होतं की हे दिवस सोडून काय ते ठरवा. हेमकांत सरांनी सांगितलं की अंतर्गत परीक्षा त्याच दिवसांत लागली आहे, वेळापत्रक वरून येतं, सतरा होळ्या कुठे सांभाळणार. दोन दिवसांनी तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांनी फळा पुसायला सांगितला. आप्पांनी पुसला. ओल्या खडूनं लिहिलेलं, ते नीट गेलं नाही. समितीच्या स्वागताच्या अक्षरांखाली गावांची नावं अंधुक दिसत होती.

या एकतीस मार्चला आप्पा निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झालं. प्राचार्य भाषणात दोनदा त्यांचं नाव चुकले. नंतर आप्पा मला मागच्या खोलीत घेऊन गेले. कपाटाची किल्ली कार्यालयात द्यायच्या ऐवजी मला द्यायची म्हणाले. कपाट जवळजवळ रिकामं होतं. आता मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत असा आदेश निघाला होता, मुलांनी आपापल्या पिशव्या नेल्या होत्या. वरच्या खणात एकच पिशवी उरली होती. तिच्यात गुणपत्रकांवर ते हॉल तिकीट होतं, आणि त्याच्यावर माझ्या ग्रंथालयाची ती चिठ्ठी. संध्यानं त्या दिवशी ती त्यांच्याच हातात सोडली होती.

मी विचारलं, होळीनंतर येणार होती ना ती?

आप्पांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "यंदा तिन्हा गावनी होळी सहा तारीखले व्हती, मॅडम. मी ईश्वरले दोनदा इचारं. आठ तारीखले रविवार व्हता, कॉलेज बंद. तरी मी गेट उघाडं आनि दिनभर तठे बसनू."

"मग?"

"यंदा तारीख चुकनी नही," ते म्हणाले. "पोरच उनी नही."